बॅग आत नेता येणार नाही

मॅच बघायला मुंबईला निघालेल्या माणसाला घर, शेजार आणि ऑफिस मिळून साधारण पंधरा सल्ले मिळतात, आणि त्यातले चौदा पाकिटाबद्दल असतात. "मागच्या खिशात ठेवू नकोस." "गर्दीत हात खिशावर असू दे." "लोकलच्या दारात उभा राहू नकोस रे बाबा." आमच्या एका सहकाऱ्याच्या आजीने तर त्याच्या पँटला आतून चोरखिसा शिवून दिला होता. (चोरखिसा हा शब्द मोठा मजेशीर आहे. चोरापासून लपवायचा खिसा, आणि नाव मात्र चोराचं!)

सल्ले वाईट नाहीत. मीही देतो, पुढे याच लेखात थोडे देणार आहे. पण हे सगळे सल्ले एकाच माणसाला दिलेले असतात, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला. ज्यांनी ती गर्दी जमवली, गेटं किती उघडायची ते ठरवलं, आत काय न्यायचं आणि काय नाही याची यादी केली, त्यांना कुणी एकही सल्ला देत नाही. चोरी झाली की "सांभाळायला नको का?" हे ऐकायचं प्रेक्षकानेच. माझा आक्षेप इथे आहे. परगावाहून खेळ बघायला आलेल्या माणसाची चोरी होते त्यात त्याच्या वेंधळेपणाचा वाटा असेलही, पण मोठा वाटा व्यवस्थेने त्याला ज्या अवस्थेत आणून उभं केलेलं असतं, तिचा असतो.

आधी वानखेडेचंच घेऊ, कारण आम्हा पुणेकरांची मजल बहुतेक वेळा तिथपर्यंत जाते. हे मैदान चर्चगेट आणि मरीन लाइन्स या दोन स्टेशनांच्या मधोमध, रुळांना खेटून आहे. १९७५ च्या जानेवारीत इथे पहिली कसोटी झाली. २०११ च्या विश्वचषकाआधी डागडुजी झाली, तेव्हा खुर्च्या कमी होऊन क्षमता सुमारे ३३ हजारांवर आली. पार्किंग म्हणाल तर नसल्यासारखंच. म्हणजे ही ३३ हजार माणसं बहुतेक करून लोकलने येणार आणि लोकलने जाणार. येताना तरी ती दोन-तीन तासांत विभागून येतात. जाताना मात्र शेवटचा चेंडू पडला की सगळी एकदम उठतात, आणि मोजक्या गेटांतून, मोजक्या रस्त्यांवरून, दोन स्टेशनांकडे लोटतात. नेटवर्कवाल्यांना हे चित्र लगेच कळेल. पाइप तेवढाच, ट्रॅफिक अचानक दसपट.

खिसेकापूला दोन गोष्टी लागतात. एक, कुणाचा धक्का लागला तरी कुणाला काही वाटणार नाही अशी दाटी. दोन, सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे. एरवी गर्दीच्या वेळी पहिली गोष्ट रोजच मिळते, पण रोजच्या प्रवाशाचं लक्ष खिशावर असतं, तो तयार असतो. मॅच सुटल्यावरच्या गर्दीत दोन्ही आयतं मिळतं. भारत जिंकलेला असेल तर विचारूच नका. हात वर, फोन हातात, व्हिडिओ चालू, गळ्यात गळे. ४ जुलै २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेल्या संघाची नरीमन पॉइंटपासून वानखेडेपर्यंत मिरवणूक निघाली, ती टीव्हीवर पाहिली असेलच. दुसऱ्या दिवशी मरीन ड्राइव्हवर चपला-बुटांचा खच पडला होता. पायातली चप्पल निघून गेली तरी थांबता येत नव्हतं, तिथे खिशातलं काय गेलं हे कळणार कुणाला?

आता बॅगेचं. आत बॅग नाही, पाण्याची बाटली नाही, पॉवर बँक नाही, हेल्मेट नाही, कधी कधी तर नाणीसुद्धा नाहीत. गेटपाशी नाण्यांचा आणि बाटल्यांचा ढीग पडलेला बहुतेकांनी पाहिला असेल. या नियमामागची कारणं मला समजतात, मी काही त्या नियमाची टिंगल करणाऱ्यांतला नाही. १३ मार्च १९९६ ला ईडन गार्डन्सवर विश्वचषकाची उपांत्य फेरी प्रेक्षकांनी बाटल्या फेकून बंद पाडली आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला, हे आपण विसरलेलो नाही. आणि दहशतवाद्यांनी काय काय पोहोचवलं आहे ते मुंबईला कुणी सांगायला नको. बॅग नको म्हणता? ठीक, नको. पण मग ती ठेवायची कुठे?

या प्रश्नाला सहसा अधिकृत उत्तर नसतं. सूचनांमध्ये 'सामान ठेवण्याची सोय नाही' एवढं लिहून मोकळं होतात. आणि गंमत बघा, या नियमाचा अंधेरी-दादरच्या माणसाला काहीच त्रास नाही. तो घरून किंवा ऑफिसातून येतो, बॅग तिथेच ठेवून हात हलवत येतो. बॅग असते ती नाशिकच्या, साताऱ्याच्या, सोलापूरच्या माणसाकडे. रात्रीचा सामना साडेसातला सुरू होऊन साडेअकराच्या आसपास संपतो. तोपर्यंत कोल्हापूरची महालक्ष्मी आणि सोलापूरची सिद्धेश्वर दोन्ही सुटून गेलेल्या असतात. म्हणजे हा माणूस एक तर दादरला जाऊन पुण्याची बस पकडणार, नाही तर रात्र कुठे तरी काढून पहाटेची गाडी धरणार. त्याच्याकडे बॅग असणारच. बॅग नसावी अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे 'परगावचे प्रेक्षक नकोत' असं म्हणण्यासारखंच आहे, फक्त तसं कुणी स्पष्ट म्हणत नाही.

माझ्या एका सोलापूरच्या मित्राची गोष्ट सांगतो. (मैदान कुठलं, दुकान कुठलं, चौकी कुठली, नावं देत नाही. तसं इतरत्रही होतं.) दोन वर्षांपूर्वी तो मुंबईत एका रात्रीच्या सामन्याला आला होता. सकाळी गाडीने उतरला, दिवसभर हिंडला, संध्याकाळी पाठीवर सॅक घेऊन गेटवर. "बॅग आत नाही जाणार." तिथेच एक पोरगा घिरट्या घालत होता, "साहेब, बॅग ठेवायची का? शंभर रुपये." गल्लीतलं एक झेरॉक्सचं दुकान होतं, आत पन्नासेक बॅगा आधीच रचलेल्या. चिठोऱ्यावर पेनने एक नंबर. "किती वाजेपर्यंत उघडं आहे?" "मॅच संपेपर्यंत आहे ना आपण." पॉवर बँक नेता येत नाही म्हणून ती सॅकमध्ये. घरून सांगितलेलं, की गर्दीत पाकीट बाळगू नकोस, म्हणून पाकीटही सॅकच्या आतल्या कप्प्यात. शर्टाच्या खिशात दोन-अडीचशे रुपये आणि पँटच्या खिशात फोन. फोनमध्ये मॅचचं तिकीट, परतीचं तिकीट, बँक, पैसे, नकाशा, आणि जगातल्या सगळ्या माणसांचे नंबर.

मॅच संपली, गेटवर चेंगराचेंगरीसारखी दाटी झाली, आणि रस्त्यावर येईपर्यंत फोन गेलेला होता. तो गल्लीत पळाला. दुकानाचं शटर खाली. शटरवर नंबर होता, पण लावायचा कशावरून? एका भल्या माणसाने आपला फोन दिला. आता कुणाला लावायचा? त्याला पाठ असलेला नंबर एकच होता, सोलापूरच्या घरचा लँडलाइन, जो कनेक्शन काढून टाकल्याला सात-आठ वर्षं झाली होती. हे तो आता हसत हसत सांगतो. त्या रात्री तो स्टेशनच्या बाकावर बसून होता, डुलकीसुद्धा न घेता, कारण उरलेले पैसे जायला नकोत.

सकाळी चौकीत गेला. तिथल्या माणसाने, तसं सौम्यपणेच, विचारलं, "चोरीच झाली कशावरून? पडला असेल कुठे. गहाळ म्हणून द्या, लगेच कागद मिळेल. चोरी म्हटलं की बसावं लागेल." रात्रभर जागलेला माणूस काय करणार? 'गहाळ' लिहून दिलं. दहा वाजता दुकान उघडलं. सॅक जशीच्या तशी, आतला एक रुपया हललेला नव्हता. गाडी मात्र निघून गेली होती.

या अख्ख्या प्रकरणाला आपल्याकडे 'किरकोळ चोरी' म्हणतात. हा शब्द पाकिटाच्या काळातला आहे. पाकिटात तीनशे रुपये, एक लोकलचा पास आणि लक्ष्मीचा फोटो असायचा. गेलं तर हळहळ वाटायची, पण माणूस घरी पोहोचायचा. आता आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांनीच सगळ्या वस्तू एका डबीत कोंबल्या आहेत. सिस्टीम डिझाइनच्या पहिल्या वर्गात शिकवतात की सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर ठेवू नका, एक गोष्ट पडली म्हणून सगळं बंद पडता कामा नये. सर्व्हरच्या बाबतीत आम्ही ते इमानेइतबारे पाळतो, दुसऱ्या शहरात बॅकअप ठेवतो. माणसाच्या बाबतीत उलट केलं. आणि स्टेडियमच्या नियमांनी त्यावर कळस चढवला. कागदाचं तिकीट बऱ्याच सामन्यांना नाहीच, फोनवर दाखवा. बॅग नाही, म्हणजे बॅकअप बाळगायला जागाच नाही. चार्जर नाही, म्हणजे फोन चोरीला नाही गेला तरी साडेअकरापर्यंत बॅटरी मरणार.

चोराच्या हातात नक्की काय पडतं, हे जरा सुटं करून बघू. फोन लॉक असेल तर त्याला फोन उघडता येत नाही, पण सिम काढता येतं. ते सिम त्याने दुसऱ्या फोनमध्ये घातलं की तुमचे ओटीपी त्याच्याकडे यायला लागतात. आता फोनच्या कव्हरच्या मागे डेबिट कार्ड खोचायची जी फॅशन आहे, तिचा विचार करा. यूपीआयचा नवा पिन करायला बँकेशी जोडलेलं सिम आणि डेबिट कार्डावरचे आकडे लागतात. काही बँका वर एटीएमचा पिनही मागतात, ते तुमचं नशीब. म्हणजे कव्हरमागे कार्ड ठेवणारा माणूस कुलूप आणि किल्ली एकाच दोरीत ओवून चोराच्या हातात देतो. कार्ड वेगळ्या खिशात ठेवा, निदान एवढं तरी करा.

सिमला पिन लावता येतो, हे आमच्या टीममधल्या निम्म्या इंजिनिअरांना माहीत नव्हतं! फोनच्या सेटिंगमध्ये सिम लॉक असतं. कंपनीचा मूळ पिन आधी विचारून घ्या, नाही तर तीनदा चुकला की पीयूके मागत बसतं. हा पिन लावला की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी मुकं राहतं. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. मॅचच्या दिवसासाठी मी म्हणेन की याहून मोलाची गोष्ट नाही.

दुसरं, वडापावच्या गाडीवर मान खाली घालून यूपीआयचा पिन दाबणं. मागे उभ्या माणसाला तो सहज दिसतो, आणि पुढच्या दहा मिनिटांत उघडा फोन हिसकावला की झालं. त्यासाठी यूपीआय लाइट वापरा. एका वेळी हजार आणि एकूण पाच हजारांपर्यंतच पैसे त्यात ठेवता येतात, पिन लागत नाही. त्यात चार-पाचशे रुपये टाकायचे, जातील तर तेवढेच. शिवाय बुटात दोनशेच्या दोन नोटा. हसू नका. बूट काढून घेणारा चोर मला अजून भेटलेला नाही.

तिसरं, दोन फोन नंबर पाठ करा. नाहीच जमलं तर कागदावर लिहून त्या दोनशेच्या नोटेभोवती गुंडाळा. त्याच कागदावर परतीच्या गाडीचा पीएनआर आणि फोनचा आयएमईआय लिहा. (स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की दिसतो.) तिकिटाच्या बारकोडचा फोटो 'वानखेडे, हिअर वी कम' म्हणून जगाला दाखवू नका, तो दुसऱ्याच्याही कामी येऊ शकतो. नव्या फोनांत चोरी ओळखून आपोआप लॉक होण्याची सोय आली आहे, ती चालू आहे का ते बघा. परतताना लोकलच्या दारात उभं राहून स्कोअरकार्डवर चर्चा करू नका. रुळांच्या कडेला उभं राहून हातावर काठीचा फटका मारून फोन पाडणारी ती प्रसिद्ध 'फटका गँग' ही दंतकथा नाही. त्यात फोन पाडायच्या नादात माणसं खाली पडली आहेत.

झाले माझे सल्ले. आता मूळ मुद्द्याकडे.

'गहाळ' हा शब्द मला चोरापेक्षा जास्त छळतो. मुंबई पोलिसांची हरवलेल्या वस्तूंची नोंद ऑनलाइन करायची सोय आहे, आणि ती चांगली सोय आहे. पण ती खरोखर हरवलेल्या वस्तूंसाठी आहे. फोन ब्लॉक करायला केंद्र सरकारची सीईआयआर नावाची यंत्रणा आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये तिची सुरुवात महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेलीतच झाली, आणि मे २०२३ पासून 'संचार साथी'च्या रूपात ती देशभर आहे. आयएमईआय आणि पोलिसांकडच्या नोंदीचा कागद टाकला की तो फोन कुठल्याही कंपनीच्या नेटवर्कवर चालत नाही. उत्तम व्यवस्था! पण तिला 'गहाळ'चा कागदही चालतो. म्हणून सगळ्यांनाच तो सोपा वाटतो. चौकीवरच्या माणसाचं काम वाचतं, तुमची गाडी चुकत नाही, फोन ब्लॉक होतो.

यात तोटा कुणाचा? पुढच्या सामन्याला येणाऱ्याचा. आमच्याकडे एखाद्या टेस्टरने बग सापडूनही लॉग केला नाही, तर रिलीजच्या मीटिंगमध्ये बगची संख्या शून्य दिसते आणि सगळे टाळ्या वाजवतात. बग मात्र तिथेच असतो. एका गेटबाहेर एका रात्रीत वीस फोन गेले आणि वीसही 'गहाळ' लिहिले गेले, तर कागदोपत्री त्या गेटबाहेर काहीच घडलेलं नाही. वीस वेंधळी माणसं एकाच जागी एकाच वेळी वेंधळी झाली, एवढंच. मग तिथे साध्या वेशातले पोलिस कशाला हवेत? ते गेट रुंद कशाला करायचं? कॅमेरा कशाला?

कायदा तर आता बराच पुढे गेला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३०३ व्या कलमात चोरी आहे, आणि ३०४ व्या कलमात 'हिसकावून घेणं' हा स्वतंत्र गुन्हा म्हणून आला आहे, जो जुन्या दंडसंहितेत अशा वेगळ्या नावाने नव्हता. आणखी एक ११२ वं कलम आहे, ते तर मॅचला जाणाऱ्यांनी वाचावंच. टोळीने केलेल्या छोट्या गुन्ह्यांचं ते कलम. त्यात चोरी आहे, हिसकावणं आहे, आणि तिकिटांची अनधिकृत विक्रीही आहे! खिसेकापूपणाचा उल्लेख त्याच्या स्पष्टीकरणात नावानिशी आहे. शिक्षा एक ते सात वर्षं. म्हणजे कायदा करणाऱ्यांना एवढं कळलेलं आहे की गेटबाहेर तिकिटं ब्लॅकने विकणारा आणि गर्दीत खिसा हलका करणारा, दोघंही एकेकटे नसतात, ते धंदे आहेत आणि त्यामागे जाळं असतं. पण टोळी सिद्ध करायची तर आधी चोरी नोंदवलेली हवी. 'गहाळ'च्या वीस कागदांतून टोळी कधीच दिसणार नाही.

म्हणून फोन चोरीला गेला असेल तर 'चोरी' असंच लिहा. आता कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते, हद्द कुणाची हे त्यांनी बघायचं. ऑनलाइन कळवून तीन दिवसांत सही करायला जायचीही तरतूद नव्या प्रक्रिया कायद्यात आहे. परगावच्या माणसाला याचा खरा उपयोग. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन. हे सगळं करायला वेळ जातो, कंटाळा येतो, कबूल. माझ्या त्या मित्राला मी दोष देत नाही. रात्रभर बाकावर बसून आलो असतो तर मीही काय केलं असतं सांगता येत नाही.

'लोकच बेशिस्त' हे पालुपद फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. २८ मे २०२२ ला पॅरिसजवळ सँ-दनीच्या मैदानावर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता, लिव्हरपूल विरुद्ध रिअल माद्रिद. प्रेक्षक गेटबाहेर तासन्‌तास अडकले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, सामना अर्ध्या तासाहून जास्त उशिरा सुरू झाला. आणि सामना सुटल्यावर स्टेशनाकडे निघालेल्या पाहुण्या प्रेक्षकांना टोळक्यांनी गाठून लुटलं, मारहाण केली. दुसऱ्याच दिवसापासून सरकारी सूर असा, की इंग्लंडहून तीस-चाळीस हजार माणसं बनावट तिकिटं घेऊन किंवा तिकिटाशिवाय आली, त्यांचाच दोष. फ्रान्सच्या सिनेटच्या चौकशीत हा दावा टिकला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये युएफानेच नेमलेल्या स्वतंत्र समितीचा अहवाल आला, त्यात या गोंधळाची मुख्य जबाबदारी युएफावरच टाकलेली होती. लाखो रुपये खर्चून आलेल्या माणसाला नऊ महिने वाट बघावी लागली, फक्त 'तुझी चूक नव्हती' एवढं ऐकायला. आपल्याकडे निदान कुणी अहवाल काढायची तसदी तरी घेईल का?

"एवढ्या लोकांच्या बॅगा सांभाळणं शक्य आहे का हो?" असं विचारणारे भेटतात. तर त्यांना मी जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी पहाटे सीएसएमटीला नेईन. २००४ पासून मुंबई मॅरेथॉन होते. हल्ली तिच्या वेगवेगळ्या शर्यतींत मिळून पन्नास हजारांहून जास्त लोक धावतात. म्हणजे वानखेडेच्या क्षमतेपेक्षा जास्त! धावणाऱ्यांच्या बॅगा ठेवायला तिथे काउंटर असतात. बॅगेवर बिब नंबरचं लेबल लावायचं, धावून यायचं, घाम पुसत बॅग परत घ्यायची. तेच शहर, तेच पोलिस, तोच दहशतवादाचा धोका, आणि अंतर म्हणाल तर वानखेडेपासून चालत जाण्याएवढं. तिथे जमतं. फरक एवढाच, की धावायला आलेला माणूस आयोजकांना पाहुणा वाटतो आणि बघायला आलेला माणूस संशयित.

मॅरेथॉन नको असेल तर देवस्थानं घ्या. शिर्डीला मोबाइल आत नेता येत नाही, तिरुपतीला नेता येत नाही. पण तिथे 'मोबाइल आणू नका' एवढी पाटी लावून कुणी हात झटकत नाही, काउंटर असतो, टोकन असतं. गर्दीचं म्हणाल तर तिरुपतीच्या एका दिवसापुढे आयपीएलचा सामना म्हणजे पोरखेळ. जिथे एखादी गोष्ट आत नेऊ देत नाहीत तिथे ती बाहेर सांभाळायची जबाबदारी न सांगता येते, ही साधी समज आपल्या मंदिरांना आहे.

पैशाचा प्रश्नही नाही. ते झेरॉक्सवाले शंभर रुपये घेतच आहेत, आणि लोक देत आहेत. पन्नासेक बॅगा एका दुकानात, म्हणजे एका संध्याकाळचे पाच हजार. या धंद्याला माझा विरोध नाही, उलट त्या सोलापूरकराची सॅक जपून ठेवणाऱ्या दुकानदाराला नमस्कारच. पण शटर कधी खाली येणार हे त्याच्या मर्जीवर आहे, आणि बॅगेत काय आहे ते तोही तपासत नाही. म्हणजे ज्या बॅगेच्या भीतीने ती गेटवर अडवली, तीच न तपासता गेटापासून पन्नास पावलांवर, चिंचोळ्या गल्लीत, इतर पन्नास बॅगांच्या ढिगात पडलेली असते. सुरक्षा नक्की कशाची झाली?

बाहेर मैदान मोकळं असतं अशा ठिकाणी हे आणखी सोपं आहे. आमचं गहुंजेचं स्टेडियम एक्स्प्रेसवेला लागून, गावाबाहेर. बरेच जण स्वतःच्या गाडीने जातात, त्यामुळे चारचाकीवाल्याची बॅग डिकीत राहते. दुचाकीवाल्याचे हाल. हेल्मेट सक्तीचं म्हणून घालून जायचं आणि गेटवर ते आत नेऊ देत नाहीत. लांब मोकळ्या जागेत गाडी लावून हेल्मेट आरशाला अडकवायचं आणि चार तास विसरायचं. तिथे दहा रुपयांत हेल्मेट ठेवून घेणारा मांडव टाकायला किती अक्कल लागते? पुण्यातल्या सिनेमा थिएटरांच्या पार्किंगवाल्यांना ते वर्षानुवर्षं जमतंय.

तोपर्यंत परगावच्यांनी एक करावं. बॅग घेऊन थेट मैदानावर जाऊच नये. सीएसएमटीला उतरत असाल तर तिथेच सामान ठेवून मग वानखेडेकडे चालत निघा. क्लोकरूमला गाडीचं तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप हवं, तेव्हा छोटं कुलूप घरूनच न्या. स्टेशनबाहेर वीस रुपयांचं कुलूप साठला मिळतं.